चाकांवरून ओळखायची तोफ

1941 च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा सोव्हिएत प्रदेशात घुसल्या आणि शत्रूची शस्त्रास्त्रे ढिगाने त्यांच्या हाती लागली. जर्मन लष्कराच्या शस्त्रास्त्र खात्याने नेहमीच्या शिस्तीने प्रत्येक शस्त्राला नाव दिले, क्रमांक दिला आणि पुढे कंसात मूळ देशाचे आद्याक्षर लावले. त्या ढिगात 37 मिलिमीटरची, लाकडी चाकांची एक छोटी रणगाडाविरोधी तोफ होती. तिची नोंद झाली ‘3.7 सेंमी पाक 158 (आर)’ अशी. पाक हे जर्मनमधले रणगाडाविरोधी तोफेचे संक्षिप्त नाव, आणि आर म्हणजे रशियन. नोंद नियमाला धरून होती. गंमत एवढीच, की ही तोफ आखली गेली होती जर्मनीतच, ऱ्हाइनमेटाल कंपनीत, आणि अकरा वर्षांपूर्वी तिचे नकाशे रोख डॉलर घेऊन मॉस्कोला विकण्यात आले होते. एव्हाना जर्मनांकडे तीच तोफ रबरी टायरची चाके लावून हजारोंनी उभी होती. चाक बदलले आणि नाव बदलले, की सख्खी भावंडेसुद्धा परकी ठरतात.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात ज्या रणगाडाविरोधी तोफा झाल्या, त्यांत ऱ्हाइनमेटालच्या या 37 मिलिमीटर तोफेचा वंशविस्तार सर्वांत मोठा. जर्मनी, सोव्हिएत संघ, स्पेन, चीन, जपान, अमेरिका एवढ्या ठिकाणी ती स्वतः, तिची नक्कल किंवा तिच्यावरून सुचलेली तोफ पोचली. त्यामुळे जुन्या छायाचित्रात किंवा संग्रहालयाच्या आवारात अशी तोफ दिसली, की ती नेमकी कोणती, कुठली आणि कोणत्या सालची, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा राहत नाही. अनेक सचित्र पुस्तकांत यातल्या निम्म्या तोफा सरसकट ‘जर्मन पाक’ म्हणून छापलेल्या सापडतात. ओळख पटवायची, तर तोफेकडे पाहण्याआधी तह आणि सौदे पाहावे लागतात.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून. सप्टेंबर 1916 मध्ये सोमच्या रणांगणावर ब्रिटिशांचे रणगाडे पहिल्यांदा आले आणि जर्मन पायदळाला तातडीने काहीतरी उपाय हवा झाला. माउझरने 13 मिलिमीटरची अवजड बंदूक काढली. ती खांद्याला असा हिसका देई, की शिपाई तिला हात लावायला कचरत. 1918 मध्ये ऱ्हाइनमेटालने 37 मिलिमीटरची एक साधी तोफ केली. नळी गाड्यावर घट्ट बसवलेली, धक्का शोषणारी यंत्रणा नाही, चाके लाकडी. युद्ध संपले तेव्हा अशा थोड्याच तोफा आघाडीवर पोचल्या होत्या. पण 37 हा आकडा आणि ‘टाक’ हे संक्षिप्त नाव तिथून पुढे चालू राहिले.

मग आला व्हर्सायचा तह. जर्मनीला एक लाखाचे सैन्य, रणगाडे अजिबात नाहीत, आणि तोफा किती व कोणत्या जातीच्या ठेवायच्या त्याची यादी तहातच जोडलेली. रणगाडाविरोधी तोफ त्या यादीत बसत नव्हती. तरीही 1924 मध्ये ऱ्हाइनमेटालच्या आखणीकारांनी गुपचूप काम सुरू केले. 1920 च्या दशकातल्या जर्मन कवायतींची छायाचित्रे पाहिली, तर त्यांत मोटारीवर पत्रा आणि कापड चढवून केलेले खोटे रणगाडे दिसतात आणि त्यांच्यावर नेम धरलेल्या लाकडी खोट्या तोफाही. त्या लाकडी तोफांच्या मागे खरी तोफ तयार होत होती. 1928 मध्ये ती सैन्याच्या हाती आली.

त्या काळाच्या मानाने ती फार हुशारीने बांधलेली होती. नळीची लांबी व्यासाच्या 45 पट, म्हणजे सुमारे 1 मीटर 66 सेंटिमीटर. गाड्याचे मागचे दोन पाय कात्रीसारखे फाकवता येत. जुन्या तोफांना मागे एकच सरळ पाय असे. नेम बाजूला वळवायचा, तर अख्खा गाडा उचलून फिरवावा लागे. इथे पाय फाकवून जमिनीत रोवले, की गाडा जागचा न हलवता नळी सुमारे 60 अंशांच्या पट्ट्यात फिरे. चालत्या रणगाड्यावर मारा करायचा म्हणजे हे हवेच. पुढे जवळजवळ प्रत्येक देशाच्या रणगाडाविरोधी तोफेने हाच फाकणारा गाडा उचलला. ढाल बुटकी आणि कललेली, वरचा पत्रा दुमडता येणारा. लढाईच्या तयारीत वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास, म्हणजे चारसहा जवानांनी दोर लावून ढकलत नेण्याजोगे. मातीत दबा धरून बसणाऱ्या पायदळाला याहून काय हवे?

चाके मात्र लाकडी आऱ्यांची, लोखंडी धाव बसवलेली. 1928 च्या जर्मन पायदळाची तोफ घोडाच ओढणार होता आणि घोड्याच्या चालीला ती चाके पुरेशी होती. गाड्याला स्प्रिंग नव्हत्या. आजच्या अभ्यासकाला पहिला धागा इथेच मिळतो: लाकडी आरे आणि स्प्रिंग नसलेला गाडा दिसला, तर तोफ या घराण्याच्या पहिल्या पिढीतली. ती जर्मन आहे की सोव्हिएत, हे मात्र चाकावरून कळत नाही, कारण नेमकी याच टप्प्यावर ती विकली गेली.

तो सौदा 28 ऑगस्ट 1930 चा. विकणारी संस्था कागदोपत्री ‘ब्युटास्ट’ नावाची, तांत्रिक कामे आणि अभ्यास करणारी कचेरी. प्रत्यक्षात तो ऱ्हाइनमेटालने घेतलेला बुरखा होता, कारण जर्मनीला शस्त्रे निर्यात करण्याची मुभाच नव्हती. 11 लाख 25 हजार डॉलरच्या मोबदल्यात सोव्हिएत संघाला सहा तऱ्हेच्या तोफांचे नकाशे, नमुने आणि तांत्रिक मदत मिळाली. त्यात 76 मिलिमीटरची विमानविरोधी तोफ होती, 20 आणि 37 मिलिमीटरच्या आपोआप चालणाऱ्या तोफा होत्या आणि ही 37 मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ होती. रापालोच्या 1922 च्या करारापासून दोन्ही बहिष्कृत देशांचे असे व्यवहार चालूच होते. कझानजवळ ‘कामा’ नावाची रणगाड्यांची गुप्त शाळाही दोघांनी मिळून चालवली. मॉस्कोजवळ पोडलिप्की इथल्या आठ नंबरच्या कारखान्यात नकाशे पोचले. आपोआप चालणाऱ्या तोफा तिथल्या कारागिरांना शेवटपर्यंत साधल्या नाहीत. रणगाडाविरोधी तोफ मात्र साधली. 1931 च्या फेब्रुवारीत ती ‘37 मिलिमीटर तोफ, नमुना 1930’ या नावाने लाल सैन्यात दाखल झाली. कारखान्याच्या वहीत तिची खूण ‘1-के’. अशा सुमारे पाचशे तोफा झाल्या.

तेव्हा 1930 च्या आसपासची लाकडी चाकांची तोफ समोर आली, तर चाक, ढाल, पाय सोडून थेट ब्रीचकडे, म्हणजे नळीच्या मागच्या, गोळा भरायच्या टोकाकडे वळावे आणि तिथे कोरलेले अंक व शिक्के वाचावेत. सोव्हिएत कारखान्याचा क्रमांक आणि साल, किंवा जर्मन तपासनिसाचा गरुडाचा शिक्का. छायाचित्रात हे दिसत नाही. मग आजूबाजूच्या शिपायांची शिरस्त्राणे, घोड्याचा साज, कोटाची गुंडी यांवरून ठरवावे लागते, आणि तेही अर्धवटच, कारण लूट केलेली तोफ शत्रूचा शिपाईही चालवतो.

सोव्हिएत तंत्रज्ञ फार काळ 37 वर थांबले नाहीत. त्यांना एकच तोफ दोन कामांना हवी होती: रणगाडा आला तर त्याचे कवच फोडायला आणि एरवी पायदळासमोरची मशीनगनची जागा उडवायला. 37 मिलिमीटरचा स्फोटक गोळा दुसऱ्या कामाला फार लहान पडे. म्हणून त्याच जर्मन धाटणीच्या गाड्यावर 45 मिलिमीटरची नळी बसवली गेली. ही ‘19-के’, नमुना 1932. तिचा स्फोटक गोळा दोन किलोंहून थोडा जड आणि कवचभेदी गोळा साधारण 1 किलो 430 ग्रॅमचा, म्हणजे जर्मन तोफेच्या गोळ्याच्या दुप्पट. सुरुवातीच्या 19-के ला तीच लाकडी चाके. 1934 पासून मोटारीच्या धर्तीची लोखंडी चाके आणि रबरी टायर आले. 1937 च्या ‘53-के’ या नमुन्यात गाड्याला स्प्रिंगही मिळाल्या; पाय फाकवले, की त्या आपोआप बंद होत. अनेक 53-के तोफांवर तारांच्या आऱ्यांची, जुन्या मोटारीसारखी चाके दिसतात. ही चाके दिसली, तर तोफ जर्मन नाही, एवढे तरी लांबूनच सांगता येते. सोव्हिएत शिपाई तिला लाडाने ‘सोरोकाप्यात्का’, म्हणजे पंचेचाळिशी म्हणत. 53-के च्या 37,354 तोफा झाल्या, असा आकडा नोंदला गेला आहे. मूळ नकाशे विकणाऱ्या जर्मनीकडे युद्धाच्या पहिल्या दिवशी, 1 सप्टेंबर 1939 ला, आपल्या 37 मिलिमीटरच्या 11,250 तोफा होत्या.

इकडे जर्मनीनेही आपली तोफ सुधारली होती. हिटलर सत्तेवर आल्यावर लपवाछपवीची गरज उरली नाही आणि घोड्यांऐवजी मोटारगाड्यांनी ओढायच्या तुकड्या उभ्या राहू लागल्या. ट्रकमागे लाकडी चाक पळवले, तर खिळखिळे होणार. म्हणून 1934 च्या सुमारास हलक्या मॅग्नेशियम मिश्रधातूची चाके, हवा भरलेले टायर आणि स्प्रिंगवर तोललेला गाडा आला. नळी तीच, ब्रीच तीच, गोळा तोच. नाव झाले ‘पाक 35/36’, पुढे नुसते ‘पाक 36’. पुस्तकांत आणि चित्रपटांत ओळखीची झालेली जर्मन तोफ ती हीच: बुटकी ढाल, नळकांड्यांसारखे दोन पाय आणि जाडजूड रबरी टायर. ‘क्रुप प्रोट्झे’ या सहाचाकी लष्करी गाडीमागे ती पळत असे.

ही दोन घराणी पहिल्यांदा आमनेसामने आली ती स्पेनमध्ये. 1936 मध्ये तिथे यादवी पेटली. फ्रँकोच्या बाजूने आलेल्या जर्मन कोंडोर दलाबरोबर पाक 36 आली. प्रजासत्ताकाच्या बाजूने सोव्हिएत टी-26 रणगाडे आले, आणि त्यांच्या बुरुजात बसवलेली होती 45 मिलिमीटरची तोफ, 19-के चीच रणगाड्यासाठी केलेली आवृत्ती. म्हणजे ऱ्हाइनमेटालच्या आखणीची एक शाखा जमिनीवर दबा धरून बसलेली आणि तिचीच दुसरी शाखा चालत्या रणगाड्यातून तिच्यावर मारा करणारी. टी-26 चे कवच 15 मिलिमीटरचे. पाक 36 चा गोळा ते लांबूनही भेदून जाई. स्पेनमधून परतलेल्या जर्मन अधिकाऱ्यांचा आपल्या तोफेवर फार विश्वास बसला. नंतरच्या घटना पाहता तो विश्वास त्यांना महागात पडला, असे म्हणावे लागते. बारीक कवचाच्या रणगाड्यांवर मिळालेले यश त्यांनी पुढच्या रणगाड्यांच्या हिशेबात धरले.

आशियात गोष्ट आणखी गुंतते. च्यांग काय-शेकच्या चीनला जर्मन लष्करी सल्लागार होते आणि चीनने जर्मनीकडून ज्या वस्तू विकत घेतल्या, त्यांत या 37 मिलिमीटरच्या तोफाही होत्या. 1937 मध्ये शांघायच्या लढाईत आणि 1938 च्या वसंतात ताइअरच्वांगला चिनी तोफचींनी याच तोफा वापरून जपानी रणगाडे उडवले. जपान्यांनी चिन्यांकडून हिसकावलेल्या तोफा पाहिल्या, त्या पसंत पडल्या आणि ‘नमुना 97’ या नावाने त्यांनी त्या आपल्या सैन्यात घेतल्या. पुढे चीननेही आपल्या कारखान्यात नक्कल केली. ती ‘नमुना 30’.

इथे नवख्या अभ्यासकाचा पाय घसरतो. ‘नमुना 97’ जुना की ‘नमुना 30’ जुना? जपानी आकडा त्यांच्या सम्राटांच्या कालगणनेतल्या 2597 या वर्षाचे शेवटचे दोन अंक, म्हणजे इसवी सन 1937. चिनी आकडा प्रजासत्ताकाच्या तिसाव्या वर्षाचा, म्हणजे 1941. सोव्हिएत ‘नमुना 1930’ हा सरळ इसवी सन. आपल्याकडे शिलालेखातला शक आणि इसवी सन यांत 78 वर्षांचे अंतर आहे हे विसरून चालत नाही, तसेच इथेही. शिवाय जपानची ‘नमुना 94’ नावाची स्वतःची 37 मिलिमीटरची तोफ होती, वेगळ्याच आखणीची. तिचा या कुळाशी संबंध नाही, पण नावातला आकडा आणि नळीचा व्यास यांमुळे ती वारंवार या कुळात ढकलली जाते.

अमेरिकेची कथा साधी आहे. 1937 मध्ये तिथल्या शस्त्रखात्याने पाक 36 चे नमुने मिळवून तपासले आणि त्यांवरून स्फूर्ती घेऊन आपली 37 मिलिमीटरची ‘एम 3’ तोफ केली. 1938 च्या अखेरीस ती स्वीकारली गेली. ही नक्कल नव्हे. हिचे काडतूस वेगळे, वजन चारशे किलोंच्या वर, आणि गोळ्याचा वेग सेकंदाला 880 मीटरच्या पुढे. ओळखायची खूण चाकाशेजारी मिळते: आसाला जोडलेल्या लोखंडी वक्र पट्ट्या, ज्या खाली सोडल्या की चाकांवरचा भार उतरून गाडा स्थिर होई. अशा 18,702 तोफा झाल्या. युरोपच्या रणांगणावर पोचेपर्यंत त्या कालबाह्य झाल्या होत्या. पॅसिफिकच्या बेटांवर मात्र जपानचे रणगाडे हलके होते आणि ही तोफ चिखलातून हाताने ओढता येत होती, म्हणून तिथे ती शेवटपर्यंत उपयोगी पडली.

आता तोतयांकडे वळू. ऱ्हाइनमेटालशी रक्ताचे नाते नसलेली, पण सर्वाधिक वेळा तिच्या नावावर खपवली जाणारी तोफ म्हणजे स्वीडनच्या बोफोर्सची 37 मिलिमीटर. भारतीय वाचकाला बोफोर्स म्हटले की 1980 च्या दशकातली 155 मिलिमीटरची तोफ आणि तिच्याभोवतीचे वादळ आठवते. ही तिच्या अर्धशतक आधीची. पोलंड, डेन्मार्क, फिनलंड, तुर्कस्तान, रुमानिया अशा अनेकांनी ती घेतली. पोलंडने तर वॉर्साजवळ प्रुश्कोव इथे परवान्यावर ती बनवली आणि ‘36 चा नमुना’ म्हटले. 1 सप्टेंबर 1939 ला मोक्रा गावापाशी व्होलीन घोडदळ ब्रिगेडच्या तोफचींनी चौथ्या जर्मन पॅन्झर डिव्हिजनचे रणगाडे याच तोफांनी अडवले. भाल्याने रणगाड्यांवर चालून गेलेल्या पोलिश घोडेस्वारांची दंतकथा आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात त्या घोडदळापाशी युरोपातल्या उत्तम रणगाडाविरोधी तोफांपैकी एक होती.

बोफोर्स आणि पाक 36 यांत फरक कसा करायचा? आकार, वजन, फाकणारे पाय, नळीचा व्यास आणि 45 पट लांबी, सगळे जवळजवळ सारखे. ढालीची वरची कड पाहावी. पोलिश बोफोर्सच्या ढालीची कड लहरीसारखी वळणदार असते, जेणेकरून झुडपांत ती सरळ रेषेत उठून दिसू नये. पाकची कड सरळ. नुसते रिकामे काडतूस मिळाले, तर काम आणखी सोपे. पाकच्या काडतुसाचा कोश 249 मिलिमीटर लांब, बोफोर्सचा 257, अमेरिकन एम 3 चा 223. म्हणून एकाचा दारूगोळा दुसऱ्यात चालत नसे, आणि जप्त केलेल्या तोफा वापरणाऱ्या पुरवठा अधिकाऱ्याची यातच दमछाक होई.

झेकोस्लोव्हाकियाच्या श्कोडा कारखान्याच्या तोफा हे तिसरे घराणे. तिथली 47 मिलिमीटरची तोफ लांबून ओळखता येते: धक्का शोषणारे नळकांडे तिच्या नळीच्या वर बसवलेले असते, तर पाकचे खाली, गाड्यात लपलेले. 1939 मध्ये देश गिळंकृत केल्यावर जर्मनांनी त्या तोफा आपल्या सैन्यात घेतल्या आणि त्यांतल्या काही जुन्या रणगाड्यांच्या सांगाड्यावर चढवल्या. छायाचित्रात जर्मन शिपाई, जर्मन गाडी आणि झेक तोफ असा मेळ दिसतो आणि खाली ओळ असते ‘जर्मन पाक’.

जर्मन सैन्यालाही या गोंधळाचा त्रास होता. त्यासाठी त्यांनी परकीय शस्त्रांची ओळखपत्रके छापली. प्रत्येक पानावर एका शस्त्राचे चित्र, मापे, वजन, दारूगोळा आणि नवे जर्मन नाव. कंसातले अक्षर देश सांगे: पी पोलंड, डी डेन्मार्क, टी झेक, आर रशिया, आय इटली. तरी शिस्तीतही विसंगती होतीच. डॅनिश बोफोर्स झाली ‘पाक 157 (डी)’, म्हणजे जप्तीच्या यादीतला क्रमांक. तीच तोफ पोलंडची असली, तर ‘पाक 36 (पी)’, म्हणजे मूळ पोलिश नमुन्याचे साल. आता पाक 36 आणि पाक 36 (पी) ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. कंसातले एक अक्षर गळाले, की स्वीडिश आखणीची पोलिश तोफ जर्मन होऊन बसते. युद्धाच्या धामधुमीत लिहिलेल्या अहवालांत ते अक्षर अनेकदा गळालेले आहे.

तोफेचा पडता काळ 21 मे 1940 ला उत्तर फ्रान्समध्ये आरासपाशी सुरू झाला. तिथे ब्रिटिशांच्या माटिल्डा रणगाड्यांनी रोमेलच्या सातव्या पॅन्झर डिव्हिजनवर अचानक चाल केली. माटिल्डाचे पुढचे कवच 78 मिलिमीटर; पाक 36 चा साधा गोळा 500 मीटरवर जेमतेम 30 मिलिमीटर भेदणारा. गोळे आपटून उडत राहिले आणि काही तोफचींना रणगाड्यांनी तोफांसकट चिरडले. शेवटी 88 मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा आणि मोठ्या तोफखान्याने चाल थोपवली. हा माटिल्डा मराठी वाचकाला पाहायचा असेल, तर फार लांब जावे लागत नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये तो उभा आहे. त्याच्या पुढच्या कवचावर हात ठेवून त्या पोलादाची जाडी डोळ्यांपुढे आणली, तर जर्मन तोफचीची हतबलता कुठल्याही तक्त्याहून लवकर समजते. डिसेंबर 1940 मध्ये इजिप्तच्या वाळवंटात निबेवाच्या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनचे पायदळ चालून गेले, ते याच जातीच्या रणगाड्यांच्या साथीने.

आरासनंतर साधारण वर्षभरात सोव्हिएत टी-34 आणि केव्ही रणगाडे समोर आले आणि उरलेली अब्रूही गेली. शिपाई आपल्याच तोफेला रणगाड्याचे दार ठोठावणारे यंत्र म्हणू लागले. सैन्याने दोन उपाय काढले. एक, टंगस्टनच्या गाभ्याचा वेगवान गोळा. पण टंगस्टनच दुर्मीळ. दुसरा विचित्र. 1942 मध्ये आलेला हा पोकळ स्फोटकाचा बोंडासारखा गोळा नळीच्या तोंडावर बाहेरून बसवत. वजन साडेआठ किलोंच्या आसपास. लागला, तर कोणत्याही तत्कालीन रणगाड्याचे कवच फोडणारा. पण त्यासाठी रणगाडा तीनशे मीटरच्या आत येईपर्यंत वाट पाहायची. नळीच्या तोंडावर असा जाडा बोंडा असलेली तोफ चित्रात दिसली, तर ते चित्र 1942 किंवा त्यानंतरचे, एवढे ठामपणे सांगता येते.

सोव्हिएत बाजूनेही 45 मिलिमीटरची नळी लांबवून नवी ‘एम-42’ काढली, पर्मच्या मोतोविलिखा कारखान्यात. गाडा जवळपास तोच, नळी तीन मीटरच्या वर. 53-के आणि एम-42 यांत फरक करायला मोजपट्टीसुद्धा लागत नाही. नळी ढालीपुढे किती आली आहे, ते पाहिले की पुरे.

ओळख पटवणाऱ्यांना सर्वांत जास्त फसवणारी तोफ मात्र 1944 ची आहे. तोवर पाक 36 चे गाडे ढिगाने निकामी पडले होते आणि जर्मन पायदळाला जवळच्या माऱ्याच्या तोफा हव्या होत्या. तेव्हा त्या गाड्यांवर 75 मिलिमीटरची आखूड नळी बसवण्यात आली आणि ‘7.5 सेंमी आयजी 37’ ही पायदळ तोफ तयार झाली. चाके, पाय, सगळे पाकचे. नळी वेगळी आणि तिच्या तोंडाशी खाचा पाडलेला धक्काशोषक. चाकावर भरवसा ठेवणारा इथे हमखास फसतो. अशीच दुसरी गफलत विमानाची: स्टुकाच्या पंखांखाली लटकणाऱ्या 37 मिलिमीटरच्या दोन तोफा पाक 36 च्या आहेत, असे सर्रास लिहिले जाते. त्या मुळात विमानविरोधी तोफेवरून केलेल्या होत्या. रणगाड्यातली जर्मन 37 मिलिमीटर, सुरुवातीच्या पॅन्झर 3 मधली, ती मात्र खरी नातलग, दारूगोळासुद्धा एकच.

संग्रहालयांतल्या तोफांबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. रबर सडते, लाकूड कुजते, आणि ऐंशी वर्षांत कोणीतरी केव्हातरी हाताशी असलेली चाके बसवलेली असतात. ढाल दुसऱ्या तोफेची, रंग नवा, पाटीवर जुन्या पुस्तकातली ओळ. अशी तोफ समोर आली, तर आधी खिशातल्या पट्टीने नळीच्या तोंडाचा व्यास मोजावा: 37, 45 की 47. मग नळीची लांबी, मग नळकांडे वर की खाली, मग ढालीची कड, आणि शक्य असेल तर ब्रीचवरचा शिक्का व साल. पाटी सगळ्यांत शेवटी वाचावी, आणि ती चुकीची निघाली, तर व्यवस्थापकांना जरूर कळवावे. युरोपातल्या कित्येक पाट्या अशाच पत्रांमुळे दुरुस्त झाल्या आहेत.